बोर्डवरचा रेग्युलेटर का तापतो, आणि तुमचा कंट्रोलर दुपारीच का बंद पडतो

पंप कंट्रोलरच्या व्हिडिओत मी आर्डुइनो बोर्डवरच्या एका छोट्या काळ्या पार्टवर बोट ठेवलं, "हा तापतो, याच्याकडे लक्ष द्या" असं म्हटलं आणि पुढे गेलो. व्हिडिओत आकडेमोड करत बसलो असतो तर तुम्ही दुसरा व्हिडिओ लावला असता. पण विकायला माल बनवणार असाल तर ती आकडेमोड टाळून चालणार नाही. म्हणून इथे निवांत लिहितो. वही-पेन घेऊन बसा.

आपल्या डहाणू-तलासरी भागात हे बोर्ड कुठे कुठे लागतात ते आधी बघू. घोलवड-बोर्डीकडच्या चिकूच्या वाड्यांमध्ये ठिबकचे टाइमर. कासा, उधवा बाजूला कोंबड्यांच्या शेडमध्ये पिल्लांच्या दिव्यांचं तापमान सांभाळायला. वारली चित्रांचे रंग बदलणारे दिवे बनवून पर्यटकांना विकणारे काही जण आहेत. हायवेला ट्रकच्या लाइटिंगचं काम करणारी पोरं आहेत. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर आहे, त्यामुळे इथे मोठे कारखाने सहज येत नाहीत. एका टेबलावर सोल्डरिंग आयर्न ठेवून होणारा धंदा मात्र इथे अगदी फिट बसतो. शेजारच्या वापीला नोकरीला जायची तयारी असलेला आयटीआयचा मुलगा घरबसल्या महिन्याला दहा-पंधरा कंट्रोलर बनवू शकतो. अट एकच, विकलेला नग परत यायला नको.

आणि नग परत येतात त्यातले बरेचसे प्रोग्राममुळे येत नाहीत. तापल्यामुळे येतात.

हा पार्ट करतो काय

आर्डुइनो ऊनोची चिप ५ व्होल्टवर चालते. ईएसपी ८२६६ आणि ईएसपी ३२, म्हणजे वायफायवाले बोर्ड, ३.३ व्होल्टवर. आपल्याकडे हाताशी असते १२ व्होल्टची बॅटरी किंवा १२ व्होल्टचा अॅडाप्टर. मधला फरक कमी करायचं काम रेग्युलेटर करतो. ऊनोवर गोल जॅकच्या जवळ तीन पाय एका बाजूला आणि एक रुंद पाय दुसऱ्या बाजूला असलेला जो पार्ट दिसतो, तोच. ओरिजिनल ऊनोवर एनसीपी १११७ असतो, बाजारातल्या बहुतेक कॉपी बोर्डांवर एएमएस १११७. नॅनोच्या कॉपीवर कधी हाच, कधी त्याहून छोटा.

हा लिनिअर जातीचा रेग्युलेटर आहे. म्हणजे तो व्होल्टेज 'बदलत' नाही, जास्तीचं व्होल्टेज स्वतःच्या अंगावर घेतो आणि उष्णता करून सोडून देतो. मी बीबीए केलंय, इंजिनिअरिंग नाही, म्हणून मी हे हिशेबाच्या भाषेत सांगतो. तुम्ही १२ रुपयांचा माल आणला, ५ रुपयांचा वापरला आणि ७ रुपयांचा रोज दुकानाच्या मागे जाळला. असा धंदा कोण करेल? पण १२ व्होल्ट जॅकमध्ये घातले की बोर्डवर नेमकं हेच चालू असतं. आणि जाळण्याची जागा म्हणजे करंगळीच्या नखाएवढा एक पार्ट.

सूत्र एकच आहे, ते पाठ करा. आत येणारं व्होल्टेज वजा बाहेर जाणारं व्होल्टेज, गुणिले करंट. उत्तर वॉटमध्ये येतं आणि तेवढी उष्णता त्या पार्टमध्ये तयार होते. बस्स.

आता तुमचा कंट्रोलर मोजू

धरा, ऊनो आहे, त्यावर दोन रिलेचं ५ व्होल्टचं मॉड्यूल आणि १६ बाय २ चा डिस्प्ले. ऊनो स्वतः साधारण ५० मिलीअँपिअर खातो. निळ्या डब्बीच्या ५ व्होल्ट रिलेची कॉइल ७० ओहमची असते, म्हणजे चालू असताना सुमारे ७१ मिलीअँपिअर. सोबतचा एलईडी वगैरे धरून ७५ म्हणा. दोन रिलेचे १५०. डिस्प्लेच्या लाइटचे २० धरू. एकूण झाले २२० मिलीअँपिअर, म्हणजे ०.२२ अँपिअर.

जॅकमधून १२ व्होल्ट दिले. जॅकच्या मागे एक डायोड असतो, तो साधारण ०.७ खातो. रेग्युलेटरपाशी पोचले ११.३. त्यातून ५ वजा केले, राहिले ६.३. गुणिले ०.२२. उत्तर येतं जवळजवळ १.४ वॉट.

१.४ वॉट म्हणजे काय? घरातला शून्याचा बल्ब १५ वॉटचा असतो, त्याच्या मानाने हे किरकोळ वाटतं. पण बल्बला मोठी काच आहे, याला नाही. या आकाराच्या पार्टला दर वॉटमागे किती अंश चढतात ते बोर्डवर त्याच्याखाली तांब्याचा पत्रा किती मोठा आहे त्यावर ठरतं. तांबं कमी असेल तर ९० अंशांपर्यंत जातं. ऊनोसारख्या बोर्डवर मी ६० धरून चालतो. मग १.४ गुणिले ६० म्हणजे ८४ अंश. हे ८४ आसपासच्या हवेच्या वर चढतात हे विसरू नका. टेबलावर पंख्याखाली ३० अंश असेल तर पार्टच्या आत ११४. बंद डब्यात, मे महिन्यात, शेडच्या पत्र्याखाली डब्यातली हवा ५० अंश झाली तर १३४.

या पार्टची आतल्या तापमानाची मर्यादा १२५ पर्यंत मानतात. म्हणजे तुमच्या टेबलावर तो पास झाला आणि गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये नापास. प्रोग्राम तोच, वायरिंग तेच.

आता चार रिले लावा. करंट ३७० मिलीअँपिअर, उष्णता २.३ वॉट. हे टेबलावरसुद्धा टिकणार नाही. उलट आधीचाच दोन रिलेवाला कंट्रोलर ९ व्होल्टच्या अॅडाप्टरवर चालवला तर ३.३ गुणिले ०.२२, म्हणजे ०.७ वॉट. निम्मं. साडेसात व्होल्टवर ०.४. त्यामुळे ऊनोला '७ ते १२ व्होल्ट चालतं' असं लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ '१२ वर पाहिजे तेवढा लोड टाका' असा होत नाही. ७ च्या खालीही जाऊ नका, कारण रेग्युलेटरला स्वतःसाठी एक-सव्वा व्होल्ट लागतो आणि डायोडचे ०.७ आहेतच. ६ व्होल्ट दिले की पुढे ५ पोचतच नाहीत.

आणि त्या पार्टच्या माहितीत '१ अँपिअर' लिहिलंय त्याचं काय? १२ व्होल्टवरून १ अँपिअर काढायचा तर ६ वॉटच्या वर जाळावे लागतील. तो आकडा आत-बाहेरच्या व्होल्टेजमध्ये फरक कमी आणि थंडावा भरपूर असेल तेव्हाचा आहे. एसटीत '४० सीट' लिहिलेलं असतं आणि आठवडी बाजाराच्या दिवशी किती बसतात ते तुम्हाला माहीतच आहे. इथे उलट आहे, ४० लिहिलेल्यात आठ बसवायचे. मी स्वतः बोर्डवरच्या रेग्युलेटरवर टेबलावर एक वॉट आणि बंद डब्यात अर्धा वॉट, याच्या वर जाऊ देत नाही.

जळत का नाही, आणि म्हणूनच घोळ कसा होतो

पार्ट सरळ जळला असता तर बरं झालं असतं, लगेच कळलं असतं. पण या रेग्युलेटरच्या आत स्वतःचं संरक्षण असतं. आतलं तापमान फार वाढलं की तो स्वतःला बंद करतो, थोडा गार झाला की पुन्हा चालू होतो. ही युक्ती जुनी आहे. १९७० च्या आसपास नॅशनल सेमीकंडक्टरमधल्या बॉब विडलर यांनी एलएम १०९ नावाचा ५ व्होल्टचा रेग्युलेटर बनवला, त्यात ही सोय चिपच्या आतच होती. चिप वाचवायला उत्तम. पण तुमचं गिऱ्हाईक वाचत नाही.

कारण त्याला काय दिसतं? दुपारी दीड-दोनला कंट्रोलर बंद. थोड्या वेळाने आपोआप चालू, डिस्प्लेवर पुन्हा सुरुवातीचा मेसेज. रिले टक्-टक्-टक् करत राहतात. पंपाचा काँटॅक्टर त्यांच्याबरोबर आपटतो. संध्याकाळी तुम्ही बाइक काढून पोचेपर्यंत सगळं ठीक! "आता कसं चालतंय बघा, तुम्ही आलात की नीट चालतं," असं गिऱ्हाईक म्हणतं. तुम्ही प्रोग्राममध्ये दोन ओळी बदलता, परत येता. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन.

माझ्या दुकानात एक जण कोंबड्यांच्या शेडचा कंट्रोलर घेऊन आले होते. बनवणाऱ्या मुलाने त्यात तीन वेळा प्रोग्राम बदलून टाकला होता, एकदा बोर्डही नवीन घातला होता. आम्ही तो टेबलावर चालवला, तासभर काही झालं नाही. मग झाकण लावलं, वर जाड टॉवेल टाकला आणि सगळे रिले चालू ठेवले. काही मिनिटांतच टक्-टक् सुरू झाली. प्रोग्रामला हात न लावता दोष सापडला.

लक्षात ठेवायची खूण ही: दुपारी बिघडतं, रात्री चालतं. सगळे रिले एकदम चालू असले की बिघडतं, एक असला की चालतं. झाकण उघडं असलं की चालतं. यातल्या दोन गोष्टी जुळल्या की प्रोग्राम उघडूच नका, आधी मल्टीमीटर घ्या. ५ व्होल्टच्या पिनवर लाल, जीएनडीवर काळी वायर, सगळे रिले चालू, झाकण लावून अर्धा तास. आकडा ४.७५ च्या खाली घसरताना दिसला तर उत्तर मिळालं. हे करताना रिलेच्या पलीकडची २३० व्होल्टची लाइन काढून ठेवा. तिथे घाई नको. बोट लावून बघायचं असेल तर तेही लाइन पूर्ण काढल्यावरच. साधारण ६० अंशांच्या वर बोट टिकत नाही, म्हणजे 'बोट टिकत नाही' याचा अर्थ लगेच 'पार्ट गेला' असा नाही. पण डब्याबाहेर, गार हवेत बोट टिकत नसेल तर डब्यात तो नक्की त्रास देणार.

कोंबड्यांच्या शेडबाबत अजून एक गोष्ट, जी मला रेग्युलेटर जळण्यापेक्षा जास्त गंभीर वाटते. तापमानाचा सेन्सर बऱ्याच जणांनी बोर्डच्या शेजारी, त्याच डब्यात बसवलेला असतो. रेग्युलेटर डब्याची हवा तापवतो, सेन्सर तीच हवा मोजतो. शेडमध्ये २८ अंश असताना डिस्प्ले ३३ दाखवतो. कंट्रोलरला वाटतं उबारा झाला, आणि तो दिवे बंद करतो. लहान पिल्लं थंडीने एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. कंट्रोलर बंदसुद्धा पडलेला नसतो, व्यवस्थित चालू असतो, म्हणून सकाळपर्यंत कोणाला पत्ता नसतो. सेन्सर नेहमी वायरने डब्याच्या बाहेर, पिल्लांच्या उंचीवर लावा. यावर चर्चा नको.

वायफाय बोर्डांची तऱ्हा वेगळी

ईएसपी बोर्डांवर रेग्युलेटर ३.३ व्होल्टचा असतो, म्हणजे १२ व्होल्ट दिले तर फरक ८.७ चा. वायफाय चालू असताना ईएसपी ३२ सरासरी शंभर-सव्वाशे मिलीअँपिअर सहज घेतो आणि सिग्नल पाठवताना क्षणभर अडीचशेच्या आसपास जातो. सरासरी १२० धरली तरी एक वॉट झाला, आणि अजून एकही रिले लावलेला नाही! तोच बोर्ड ५ व्होल्टवर दिला तर १.७ गुणिले ०.१२, फक्त ०.२ वॉट. म्हणून माझा नियम: ईएसपी बोर्डच्या व्हीआयएन पिनला ५ व्होल्टच, कुठल्याही दुकानदाराने '१२ चालतं' म्हटलं तरी.

एएमएस १११७ ची अजून एक मर्यादा आहे, १५ व्होल्ट. ती ओलांडली तर तापण्याचा प्रश्नच उरत नाही, पार्ट सरळ उडतो, आणि कधी कधी पूर्ण व्होल्टेज पुढे सोडून चिपलाही घेऊन जातो. '१२ व्होल्ट' असं म्हणतात ते १२ क्वचितच असतं. १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना १४.४ पर्यंत असते. जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला अॅडाप्टर, ज्यावर १२ लिहिलंय, तो लोड नसताना १५-१६ दाखवू शकतो. '१२ व्होल्टचं' सोलर पॅनल तर उन्हात काही न जोडता मोजा, २१-२२ दिसेल. ते पॅनल चार्ज कंट्रोलरशिवाय थेट बोर्डला जोडणारे लोक आहेत. आणि हायवेचे ट्रक २४ व्होल्टचे असतात, इंजिन चालू असताना २८. तलासरीला ढाब्यावर थांबलेल्या ट्रकमध्ये एलईडीचं काम करणाऱ्यांनी हे वाक्य डब्याच्या आत लिहून ठेवावं.

मग करायचं काय

लाइट कायम असते अशी जागा असेल, घरातली किंवा दुकानातली, तर सगळ्यात स्वस्त उत्तर मोबाइलचा ५ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर. चांगल्या कंपनीचा, बीआयएसचा 'आर' ने सुरू होणारा नंबर छापलेला. ५ आत, ५ बाहेर, मधे जाळायला काही नाही. वारली दिवे करणाऱ्यांना तर मी दुसरं काही सुचवतच नाही. रंग बदलणारा एक डब्ल्यूएस २८१२ एलईडी पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलीअँपिअर घेतो. सोळा एलईडीची रिंग म्हणजे ९६०. हे बोर्डच्या ५ व्होल्ट पिनमधून काढलंत तर बोर्ड दिव्यापेक्षा आधी पेटेल. रिंगला चार्जरवरून स्वतंत्र लाल-काळी वायर द्या, बोर्डकडे फक्त डेटाची वायर आणि जीएनडी एकत्र.

शेतात, शेडमध्ये, जिथे बॅटरी आहे, तिथे बक कन्व्हर्टर. एलएम २५९६ चं छोटं मॉड्यूल, साठ-सत्तर रुपयांत मिळतं. लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर डहाणूहून लोकलने ग्रँट रोडला उतरा आणि वीस-पंचवीस एकदम घेऊन या, भाव बराच खाली येतो. हा रेग्युलेटर व्होल्टेज अंगावर घेत नाही, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून कॉइलमार्फत खाली आणतो. आपल्या २२० मिलीअँपिअरच्या कंट्रोलरला ५ व्होल्टवर १.१ वॉट लागतात. बक ८० टक्के चांगला चालतो असं धरलं तर बॅटरीकडून घेतो १.४ च्या आसपास. उष्णता ०.३ वॉट. लिनिअरमध्ये तीच १.४ होती.

आणि बॅटरीचा फायदा बघा. लिनिअर रेग्युलेटर जेवढा करंट पुढे देतो तेवढाच बॅटरीतून ओढतो, २२० मिलीअँपिअर. ७ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर ३२ तास जाईल. बक ओढतो ११५ च्या आसपास, तीच बॅटरी ६० तास. प्रत्यक्षात बॅटरी पूर्ण निचरून वापरत नाहीत, दोन्ही आकडे कमी होतील, पण जवळपास दुपटीचा फरक राहतो. डहाणूत ५०० मेगावॉटचं वीज केंद्र आहे आणि त्याची वीज मुंबईला जाते. आपल्या पाड्यांवर पावसात लाइट गेली की कधी येईल ते कोणी सांगत नाही. दोन दिवस चालणारा कंट्रोलर आणि एक दिवस चालणारा कंट्रोलर, गिऱ्हाईक कुठला घेईल?

२०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हापासून 'कंप जाणवला की बझर वाजेल असं यंत्र बनवायचंय' म्हणत मुलं येतात. शिकायला बनवा, पण ते हादरा सुरू झाल्यावर वाजतं, आधी नाही. 'भूकंपाची सूचना देणारं' म्हणून कोणाला विकू नका. आपल्या विषयापुरतं सांगायचं तर, नुसता ऊनो १२ व्होल्टच्या जॅकवर चोवीस तास ठेवला तर ५० मिलीअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. ७ ची बॅटरी सहा दिवसांत संपली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त फक्त तो पार्ट तापवण्यात.

बक लावताना तीन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, मॉड्यूल बोर्डला जोडायच्या आधी मल्टीमीटर लावून स्क्रूने ५.० व्होल्ट सेट करा. नवीन मॉड्यूल कुठल्या व्होल्टेजवर सेट होऊन येतं याचा नेम नसतो. ५ व्होल्टच्या पिनला पुढे काहीच संरक्षण नाही, तिथे ११ गेले की चिप, डिस्प्ले, सेन्सर सगळं एका क्षणात जातं. दुसरं, सेट केल्यावर स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका. पंपाच्या हादऱ्याने स्क्रू सरकतो. तिसरं, ५ व्होल्ट पिनला बक जोडलेला असताना यूएसबीने लॅपटॉप जोडू नका. एका वेळी एकच. नाहीतर बकचा करंट उलटा लॅपटॉपच्या पोर्टकडे जाऊ शकतो, आणि लॅपटॉप तुमच्या महिन्याच्या नफ्यापेक्षा महाग आहे.

मॉड्यूलवर ३ अँपिअर लिहिलेलं असतं. बाजारात कॉपी चिप भरपूर आहेत, मी दीडच्या वर मोजत नाही.

अजून एक उपाय, जो मला सगळ्यात आवडतो कारण त्यात एक पैसाही जास्त लागत नाही: रिलेच १२ व्होल्टचे घ्या. त्याच निळ्या डब्बीच्या १२ व्होल्ट रिलेची कॉइल ४०० ओहमची असते, ३० मिलीअँपिअर घेते, आणि ती थेट बॅटरीवर चालते. बोर्डचा रेग्युलेटर मधे येतच नाही. मधे यूएलएन २००३ ही आयसी टाका, सात रिले चालवते, उलट्या झटक्याचे डायोड तिच्या आतच असतात. बोर्डच्या पिनवरून रिलेची कॉइल थेट चालवायचा विचारही करू नका, ऊनोच्या एका पिनची शेवटची हद्द ४० मिलीअँपिअर आहे. आता बोर्डवर उरले ऊनो आणि डिस्प्लेचे ७० मिलीअँपिअर. ६.३ गुणिले ०.०७, ०.४४ वॉट. बक न लावतासुद्धा आपल्या अर्ध्या वॉटच्या आत आलो. दोन-तीन रिलेच्या साध्या ठिबक टाइमरला एवढं पुरतं. बॅटरी १४.४ वर चार्ज होताना ०.६ होईल, तेवढं मी चालवून घेतो, पण त्या डब्याला सावलीच हवी.

७८०५ आणि हीटसिंक लावणारे जुने मेकॅनिक आहेत. चूक नाही, पण उष्णता तेवढीच राहते, फक्त पार्टवरून डब्यात पसरते. बंद डब्यात हीटसिंक म्हणजे बंद खोलीत पंखा.

डब्याचंही सांगतो. पाणी-धूळ शिरू न देणारा आयपी ६५ चा डबा हवा आतली बाहेरही जाऊ देत नाही. आपल्याकडे किनाऱ्याची दमट, खारी हवा आहे, त्यामुळे भोकं पाडा असं मी म्हणणार नाही, चार महिन्यांत बोर्ड हिरवा पडेल. डबा मोठा घ्या, फिकट रंगाचा घ्या, उत्तरेच्या भिंतीवर किंवा झाडाच्या सावलीत लावा, वायरी खालून ग्लँडमधून आत घ्या. पत्र्याला चिकटवून तर अजिबात नको.

हिशेब

वीस नग बनवताय असं धरू. प्रत्येकात ६० रुपयांचा बक, म्हणजे १२०० रुपये जास्तीचे. बरेच जण इथेच थांबतात, "सर, स्पर्धा आहे, साठ रुपये कुठून काढू?" मग दुसरी बाजू मांडा. वर्षाची गॅरंटी दिली आहे. वीसातले फक्त पाच परत आले आणि प्रत्येकासाठी तुम्ही दोनदा सायवन किंवा झरीला गेलात. पेट्रोल, चहा आणि अर्ध्या दिवसाची मजुरी धरून एका फेरीला ३०० धरा. दहा फेऱ्या, ३००० रुपये. बदललेले बोर्ड वेगळे. आणि पाड्यावर एकाचा कंट्रोलर बंद पडला की बाकीचे दहा जण घेत नाहीत, तो आकडा कुठल्याच वहीत लिहिता येत नाही. किमतीत ६० वाढवायला घाबरू नका. 'लाइट गेल्यावर दुप्पट वेळ चालतो' एवढं सांगितलं की शेतकरी घासाघीस करत नाही, त्याला लगेच कळतं.

माल देण्याआधीची माझी चाचणी अशी आहे. कंट्रोलर पूर्ण जोडायचा, झाकण घट्ट, सगळे रिले एकदम चालू राहतील असा चाचणीचा प्रोग्राम टाकायचा. इनपुटला जास्तीत जास्त जेवढं येऊ शकतं तेवढं व्होल्टेज द्यायचं, बॅटरीचा असेल तर १४.४. तो डबा पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून गच्चीवर उन्हात, अकरा ते तीन. सोबत स्वस्तातलं थर्मामीटर आणि ५ व्होल्टवर लावलेला मल्टीमीटर, वायरी खोक्याबाहेर. दर अर्ध्या तासाला वहीत दोन आकडे. रिले एकदाही पडला, किंवा आकडा ४.७५ च्या खाली गेला, की तो नग दुकानाबाहेर जात नाही. वीसच्या वीस तपासायला जमत नसेल तर प्रत्येक नवीन डिझाइनचा एक आणि प्रत्येक नव्या लॉटमधले दोन तरी. लॉट बदलला की रेग्युलेटर बदललेला असू शकतो, बाहेरून बोर्ड सारखाच दिसतो.

शेवटचं काम लेबलचं. 'इनपुट १२ व्होल्ट डीसी' एवढं पुरत नाही, कारण गिऱ्हाईक हाताला येईल ते जोडतं, ट्रॅक्टरची बॅटरीही आणि सोलरची वायरही. मी डब्याच्या बाहेर मराठीत छापतो: 'फक्त १२ व्होल्ट बॅटरी किंवा अॅडाप्टर. सोलर पॅनल थेट जोडू नये. ट्रकच्या बॅटरीला जोडू नये. उन्हात लावू नये.' आणि इनपुटच्या लाल वायरवर एक अँपिअरचा फ्यूज, होल्डरसकट. ट्रकसाठीच बनवत असाल तर डिझाइन वेगळं करा: ४० व्होल्टपर्यंत घेणारा एलएम २५९६, त्याच्या आधी फ्यूज, आणि झटके शोषणारा टीव्हीएस डायोड. त्याची पूर्ण वायरिंग पुढच्या व्हिडिओत टेबलावर करून दाखवतो, तोपर्यंत २४ व्होल्टची ऑर्डर घेऊ नका.